व्याह्यांसमोरची ब्लाइंड

अर्जाचा विषय काय लिहावा, यातच महेश्वर हलकुडे यांचा पाऊण तास गेला. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं हेडक्लार्कपर्यंत नोकरी केलेल्या माणसाला अर्ज लिहिणं जड जावं असं काही नव्हतं. पण 'राहत्या घरी पत्ते खेळण्यास परवानगी मिळणेबाबत' हे वाक्य कागदावर उतरलं, तेव्हा आपल्याच अक्षराकडे त्यांना बघवेना.

परवानगी लागत होती, कारण तीन वर्षांपूर्वी गणपतीत सोसायटीच्या दोन विंगांमध्ये पत्त्यांवरून हातघाई झाली होती आणि तेव्हा कमिटीनं ठराव केला होता, की आवारात पत्ते खेळण्यास सक्त मनाई. आवारात घरंही येतात की नाही, यावर कमिटीचं अजून एकमत नव्हतं. दुसरा कुणी असता तर दार लावून खेळला असता. हलकुडे यांना ते जमणार नव्हतं. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा ते सिग्नल हिरवा झाल्यावर एकदा मागं वळून खात्री करून घेत.

"काय लिहूलालाव एवढं?" दारातूनच गुरुसिद्धप्पांनी विचारलं. गुरुसिद्धप्पा म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले शेजारी आणि सोसायटीचे चेअरमन. अर्ज ज्यांना द्यायचा तेच अर्ज वाचायला आले होते.

"पोकर," हलकुडे हळूच म्हणाले.

"म्हणजे जुगार की!"

"पैसे नाहीत हो. चिंचोक्यांवर."

आता हे प्रकरण कुठून निघालं ते सांगायला हवं. हलकुड्यांची एकुलती एक मुलगी सिद्धेश्वरी पुण्यात नोकरीला होती आणि तिथंच तिनं अकलूजचा अजिंक्य पसंत केला होता. जात वेगळी, रीत वेगळी, यावर घरात दोन महिने जी काय चर्चा व्हायची ती होऊन गेली होती. मुलगा चांगला होता, त्यात वादच नव्हता. प्रश्न मुलाच्या वडिलांचा होता. त्यांना सगळा तालुका आप्पा म्हणायचा. ऊस, केळी, ट्रॅक्टरची एजन्सी, आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी शेजारच्या खोलीत मजकूर पोचायचा.

त्या आप्पांचा गेल्या शनिवारी फोन आला होता. "पावणं, पुढच्या रविवारी आमी यताव. मी, आमची मंडळी आन् पोरगं. जेवू, बोलू. आन् हे बगा, पत्तं खेळता का?"

हलकुडे उभ्या आयुष्यात फक्त बदाम सात खेळले होते, तेही हरण्यासाठीच. पण होणाऱ्या व्याह्यांना पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, "थोडंफार."

"झ्याक! आमच्यात पोकर चालतंय. लॉकडाऊनमदी पोरानं शिकीवलं, आता त्याच्याबिगर जेवान जात न्हाय. डावावर बसला की मानूस कळतो बगा. आन् लगीन आमच्या दारात करू. दोन हजार मानूस धरून चाला."

"बघू की," हलकुडे म्हणाले.

सोलापुरात 'बघू की' या शब्दांचा अर्थ नाही असा होतो. अकलूजला तो होय असा झाला. फोन ठेवता ठेवता आप्पांनी मंडपवाल्याचं नावही सांगून टाकलं.

हलकुड्यांच्या बायको दाक्षायणी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझी आई अकलूजपर्यंत जाऊ शकणार नाही, एवढं लक्षात आहे ना?"

दाक्षायणींची आई चंद्रव्वा मैंदर्गीला मुलाकडे राहायची. वय सत्याऐंशी. गाडीत तासाभरापेक्षा जास्त बसली की तिला श्वास लागायचा. मैंदर्गीहून सोलापूर तिला कसंबसं झेपत होतं. त्यापुढं अकलूज म्हणजे तिच्यासाठी दिल्ली. आणि नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या, एवढी एकच गोष्ट मनाशी धरून ती गेली दोन वर्षं औषधं वेळेवर घेत होती.

"लक्षात आहे," हलकुडे म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

याचं उत्तर हलकुड्यांच्या सबंध स्वभावाएवढं लांब होतं.

सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. सिद्धेश्वरी रोज ऑफिसला निघण्याआधी व्हिडिओ कॉल लावायची आणि हलकुडे वही-पेन घेऊन बसायचे. प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच, त्यातून जो चांगला मेळ जमवेल तो जिंकला, इथपर्यंत त्यांना समजलं. ब्लाइंडपाशी ते अडकले.

"दर डावाला दोघांनी पत्ते बघायच्या आधीच चिंचोके टाकायचे, बाबा. एकानं एक, शेजारच्यानं दोन. ती छोटी ब्लाइंड आणि ही मोठी ब्लाइंड. पाळी फिरत राहते."

"पत्ते न बघता टाकायचे?"

"हो."

"का?"

"तसा नियमच आहे."

हलकुड्यांनी पेन खाली ठेवलं. सहीशिक्क्याच्या कागदाशिवाय खात्यातला खिळासुद्धा कधी त्यांनी बाहेर जाऊ दिला नव्हता. आणि इथं काय मिळणार, कुणाला मिळणार हे कळायच्या आत आगाऊ रक्कम जमा करायची! पण नियम म्हटल्यावर ते गप्प बसले. नियमापुढं त्यांचं कधीच काही चालत नसे.

"आता समजा, तुम्ही दोन टाकले," सिद्धेश्वरी पुढं म्हणाली, "आणि समोरच्यानं बोली वाढवून सहा केली. मग तुमच्यापुढं दोन रस्ते. एक, पत्ते टाकून द्यायचे आणि ते दोन चिंचोके सोडायचे. दोन, आणखी चार घालून डावात राहायचं. याला ब्लाइंड राखणं म्हणतात. खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. दरवेळी सोडलीत तर समोरचा तुम्हाला लुटत राहतो. दरवेळी राखलीत तर तुम्ही स्वतःच्या हातानं लुटले जाता."

"मग राखायची कधी?"

"तीन गोष्टी बघायच्या. आपले पत्ते कसे आहेत, बोली किती वाढवलीय, आणि वाढवणारा कोण आहे."

हलकुड्यांनी फुलस्केप कागदावर लाल शाईनं रेघा मारून तक्ता तयार केला. उभ्या रकान्यांत पत्ते, आडव्या रकान्यांत बोली. खाली वेगळा भाग, शीर्षक 'वाढवणारा कोण'. त्यात 'भित्रा माणूस: सोडावी', 'सारखा वाढवणारा: राखावी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. तिसऱ्या ओळीत त्यांनी 'व्याही' असं लिहिलं आणि पुढं काहीच सुचेना, म्हणून प्रश्नचिन्ह काढलं.

"समोर व्याही असला तर काय करायचं गं?" त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"बाबा, तिथं व्याही नसतो. तिथं फक्त खेळणारा असतो."

हे पुण्यात बसून म्हणायला सोपं होतं. गुरुसिद्धप्पांचं मत याच्या अगदी उलट होतं आणि ते विचारायच्या आधीच त्यांनी दिलं. "हलकुडे, तुम्ही हरायचं. मुलीकडच्यानं जिंकायचं नसतंय ओ. उद्या तिथं काही बिनसलं की म्हणतील, हिचा बाप पहिल्याच दिवशी आम्हाला नागवून गेला. हरा. पण गुपचूप हरा. मुद्दाम हरलात हे कळलं तर अपमान केला म्हणतील."

"गुपचूप हरणं म्हणजे कसं?"

"ते बघा तुम्ही. तुमच्या खात्यात हे सगळं होतं की."

सराव म्हणजे खेळ नव्हे, असा चेअरमन म्हणून निर्वाळा देऊन गुरुवारी गुरुसिद्धप्पा डावाला बसले आणि दाक्षायणींनाही बसवलं. दाक्षायणींनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकदा टाकलेली ब्लाइंड त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, हातात दुर्री असो की एक्का. "माझं टाकलेलं मी का सोडू?" एवढंच त्यांचं शास्त्र. तासाभरात दोन्ही पुरुषांचे चिंचोके त्यांच्या पदरात गेले. हलकुडे त्यांना पटवून देऊ लागले, की अशा खेळण्यानं माणूस लांबच्या पल्ल्यात तोट्यात जातो. दाक्षायणी चिंचोके डब्यात भरता भरता म्हणाल्या, "आणि लग्न सोलापुरात."

शुक्रवारी कमिटीची बैठक झाली. एका सभासदानं 'पोकर' या शब्दाला हरकत घेतली म्हणून तिथं 'बौद्धिक खेळ' असं घालण्यात आलं. दुसऱ्यानं विचारलं, बौद्धिक आहे तर मग परवानगी कशाला? त्यावर अर्धा तास गेला. शेवटी मंजुरी मिळाली, पण चार अटींवर. पैशाचा व्यवहार नसावा. आरडाओरडा नसावा. घराचं दार पूर्ण वेळ उघडं असावं. आणि सोसायटीचा एक प्रतिनिधी निरीक्षक म्हणून हजर असावा. प्रतिनिधी म्हणून गुरुसिद्धप्पांनी स्वतःचंच नाव सुचवलं. त्या दिवशी जेवायला हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी हलकुड्यांना झोप लागली नाही. पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा ते पिंप भरायला उठले आणि पाइप धरल्या धरल्या पुटपुटत राहिले, "नव्वीची जोडी, सहाची बोली, राखावी. गुलाम-चव्वी, सहाची बोली, सोडावी." पिंप भरून पाणी पायावर आलं तेव्हा ते भानावर आले.

रविवारी साडेअकराला पांढरी गाडी खाली येऊन थांबली. आप्पा आधी उतरले, मग केळीचा एक अख्खा घड उतरला, त्याच्या मागून आप्पांच्या पत्नी रंभाबाई, आणि सगळ्यांत शेवटी अजिंक्य, ज्याच्याकडे बघितल्याबरोबर हलकुड्यांना वाटलं, हा पोरगा आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे. सिद्धेश्वरी आदल्या दिवशीच पुण्याहून आली होती. तिनं वडिलांच्या कानात सांगितलं, "बाबा, नीट खेळायचं. मुळमुळीत नाही."

जेवण उत्तम झालं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बघून आप्पा खूश झाले. हुग्गीची दुसरी वाटी गुरुसिद्धप्पांनी निरीक्षक या नात्यानं मागून घेतली. लग्नाचा विषय दोनदा निघता निघता राहिला. दोन्ही वेळा दाक्षायणींनी नवऱ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा नवऱ्यानं ताटातल्या चटणीकडे.

मग पानं आवरली आणि जेवणाच्या टेबलावर पत्ते आले. आप्पा, हलकुडे, अजिंक्य आणि सिद्धेश्वरी, असे चौघं बसले. प्रत्येकी पन्नास चिंचोके. तक्ता हलकुड्यांनी घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि त्यावर ते बसले. हरकत नको म्हणून दार सताड उघडं होतं. त्यामुळे जिन्यानं जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून आत बघायचा. बी-विंगच्या एका आजोबांनी तर चप्पल काढून आत यायची तयारी केली होती. गुरुसिद्धप्पांनी त्यांना हातानंच वाटेला लावलं.

पहिली मोठी ब्लाइंड हलकुड्यांकडे आली. त्यांनी दोन चिंचोके पुढं सरकवले आणि पत्त्यांचा कोपरा उचलून बघितला. दश्शी आणि अठ्ठी.

"सा!" आप्पा गरजले. सहा चिंचोके टेबलावर आदळले.

तक्त्याप्रमाणे इथं राखावी की सोडावी हे हलकुड्यांना पाठ होतं. पण आप्पांचा तो पंजा, ती अंगठी, तो आवाज, सगळं समोर होतं. त्यांनी पत्ते टाकले.

आप्पांनी त्यांच्याकडे बघून एक उसासा टाकला. हलकुड्यांना तो उसासा काळजात लागला. हा माणूस आपल्याला तोलतोय, आणि पहिल्याच तागडीत आपण हलके भरलो.

दुसऱ्यांदा ब्लाइंड आली. "सा!" सोडली. तिसऱ्यांदा आली. "धा!" सोडली. छोटी ब्लाइंड, मोठी ब्लाइंड, जिथं म्हणून हलकुड्यांचे चिंचोके पडले असतील तिथं आप्पांचा पंजा येऊन आदळत होता. अजिंक्य किंवा सिद्धेश्वरीच्या ब्लाइंडवर मात्र ते गप्प बसून पत्ते टाकून देत. म्हणजे रोख आपल्यावरच आहे, हे कळायला हलकुड्यांना हेडक्लार्क असायची गरज नव्हती.

"आवं, खेळा की राव!" आप्पा अधूनमधून म्हणत. "एकदा तरी या की पुडं!"

हलकुड्यांच्या पाठीला घाम फुटला. गुरुसिद्धप्पांचा सल्ला एका कानात वाजत होता, मुलीचा दुसऱ्या. आणि मधल्या जागेत दाक्षायणींची आई अक्षता हातात घेऊन बसली होती. तासाभरात त्यांच्याकडचे चिंचोके एकोणीसवर आले. एका डावात त्यांनी राण्यांची जोडी टाकून दिली. पत्ते गोळा करताना सिद्धेश्वरीनं ती पाहिली आणि टेबलाखालून त्यांच्या नडगीवर अशी लाथ मारली, की त्यांना 'आई गं' म्हणावं लागलं.

"काय झालं, काका?" अजिंक्यनं घाबरून विचारलं.

"काही नाही. पाय आखडला."

मधेच आप्पा म्हणाले, "मंडपवाल्याला म्या सांगून ठिवलंय बरं का. दारात दोन एकर मोकळं हाय." आणि हलकुडे "हं" म्हणाले. दाक्षायणी तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला, तो जरा जोरातच वाजला.

पुन्हा मोठी ब्लाइंड आली. उरलेल्या एकोणीसमधले दोन हलकुड्यांनी पुढं सारले. पत्ते वाटून झाले. एवढा वेळ आप्पांच्या मागं बसलेले गुरुसिद्धप्पा अचानक उठले, पाय मोकळे केल्यासारखं करत टेबलाला वळसा घालून आले, आणि हलकुड्यांच्या कानाशी वाकून कन्नडमध्ये कुजबुजले, "अवरु एले नोडोदे इल्ल री."

हलकुड्यांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ते पत्ते बघतच नाहीत! त्यांनी आप्पांकडे पाहिलं. खरंच. आप्पांचे दोन्ही पत्ते पंजाखाली उपडे पडले होते. त्यांनी कोपरासुद्धा उचलला नव्हता. आणि तेवढ्यात आवाज आला, "सा!"

महेश्वर हलकुड्यांना आयुष्यात राग फार कमी वेळा आला होता, आणि आला तेव्हाही तो दुसऱ्या दिवशी कळला होता. या वेळी तो तिथल्या तिथं आला. लुटायचं तर लुटा, पण निदान पत्ते बघून तरी लुटा! बत्तीस वर्षांत साहेबांनीसुद्धा त्यांची फाइल न वाचता परत पाठवली नव्हती. आणि हा माणूस त्यांना बघण्याच्याही लायकीचं समजत नव्हता!

त्यांनी स्वतःचे पत्ते उचलले. नव्वीची जोडी. नव्वीची जोडी, सहाची बोली, वाढवणारा न बघता वाढवतोय. तक्त्यात शंकेला जागा नव्हती.

"राखली," हलकुडे म्हणाले. आवाज चिरकला, पण शब्द स्पष्ट आला. त्यांनी आणखी चार चिंचोके मोजून पुढं टाकले.

आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चेहरा असा उजळला, की हलकुडे आणखीनच गोंधळले. "या, या, या! आता कसं!"

मधे तीन पत्ते उघडले. बदाम सत्ती, किलवर सत्ती, इस्पिकचा राजा.

"समदं!" आप्पांनी दोन्ही हातांनी आपला ढीग पुढं लोटला. पंजाखालचे पत्ते अजूनही उपडेच होते.

हलकुड्यांपुढं तेरा चिंचोके उरले होते. दारात तीन माणसं उभी होती. रंभाबाई आणि दाक्षायणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या होत्या. तेरा चिंचोक्यांनी कुणाचं घर बुडत नाही, हे हलकुड्यांना कळत होतं. तरी त्यांनी ते एकदा मोजून पाहिले. त्यांनी डोळे मिटले आणि तेराच्या तेरा सरकवले.

उरलेले दोन पत्ते आले. पंजी आणि तिर्री. कुणाच्या उपयोगाचे दिसत नव्हते.

"दाखवा, काका," अजिंक्य म्हणाला.

हलकुड्यांनी नव्वीची जोडी मांडली. सिद्धेश्वरीनं टाळी वाजवली. आप्पा आनंदानं ओरडले, "जिकलं! पावणं जिकलं!" आणि त्याच भरात त्यांनी आपले दोन पत्ते उलटे फेकले. एक दुर्री होती. दुसरी सत्ती.

मधल्या दोन सत्त्या आणि ही तिसरी. मेळ आप्पांचा मोठा होता.

"ह्ये कुटनं आलं?" आप्पा त्या सत्तीकडे, ताटात पाल पडावी तसे बघत होते. "अरं अजिंक्या, ही कुटनं आली?"

"आप्पा, तुम्हीच…"

"सांगितलं हुतं की न्हाय!" उंबऱ्यावरून रंभाबाई कडाडल्या. "साऱ्या वाटंनं पढवत आनलं, हारून या म्हनून! सोयऱ्याला पयल्याच दिशी नागवलं. तोंड काय दाखवायचं आता?"

आप्पांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. एवढा मोठा माणूस एकदम अर्धा झाला. "म्या तरी काय करू? पोरगं म्हनालं, सासऱ्यास्नी जिकू द्या, त्यांचा मान ऱ्हाईल. पत्तं बगितलं की मला मोह हुतो. चांगलं आलं की सुटत न्हाईत. म्हनून बगितलंच न्हाय. म्हनलं, आंधळं खेळावं, दाबून वाढवावं, पावणं येत्याल अंगावर आन् घेत्याल समदं. तर पावणं यायलाच तयार न्हाईत! तास झाला, मला घाम फुटलाय."

म्हणजे तो उसासा तुच्छतेचा नव्हता, हे हलकुड्यांना आत्ता कळलं. पण त्यानं बरं वाटायच्या ऐवजी त्यांना जास्तच लागलं. लुटलं जाणं एक वेळ ठीक. पण कुणीतरी दया करून आपल्याला जिंकवत होतं, आणि तेही आपल्याला जमलं नाही!

"मला जिंकवत होता?" ते ताडकन उभे राहिले. "मला? मी काय शेंबडं पोर आहे?"

इतक्या तावात उभे राहण्याची त्यांना सवय नव्हती. घामानं पँटीला चिकटलेला तक्ता त्यांच्याबरोबर उठला, आणि पंख्याच्या वाऱ्यानं सुटून थेट रंभाबाईंच्या पायाशी जाऊन पडला. त्यांनी तो उचलला, लांब धरला आणि मोठ्यानं वाचला, "वाढवणारा कोण. भित्रा मानूस, सोडावी. सारखा वाढवनारा, राखावी. व्याही…" त्या थांबल्या. "हितं फुडं काय न्हाय ओ. नुस्तं प्रश्नचिन्ह हाय."

सिद्धेश्वरीनं कपाळाला हात लावला. गुरुसिद्धप्पा छताकडे बघू लागले. हलकुडे उभेच होते. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मलाही हरायलाच सांगितलं होतं. म्हणून सोडत होतो." आणि दोन क्षण थांबून, कारण खोटं त्यांना पचत नसे, "म्हणजे अर्धं म्हणून. अर्धं तुमच्या आवाजाला भिऊन."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पोटातून हसू असं फुटलं, की चिंचोके टेबलावरून घरंगळले आणि सोसायटीची आरडाओरड्याची अट तिथंच मोडली. "दोगं बी हारायला बसल्यालं! आन् तासभर कुनाला हारता येईना!"

"आता दोघांनी नीट खेळा," सिद्धेश्वरी म्हणाली. ती हसत नव्हती. "माझ्यासाठी कुणी हरायचं नाही की जिंकायचं नाही."

आप्पांनी ढिगाचा निम्मा भाग कोपरानं हलकुड्यांकडे लोटला. पत्ते पिसून नव्यानं वाटले. या वेळी आप्पांनी दोन्ही पत्ते उचलून डोळ्यांजवळ नेऊन बघितले, आणि हलकुड्यांच्या लक्षात आलं, की आत्तापर्यंत समोर बसलेला माणूस आप्पा नव्हताच. हा आप्पा बोलत नव्हता. पाचातले चार डाव सोडून द्यायचा. चेहरा उसाच्या फडासारखा, आत काय आहे ते दिसू न देणारा. हलकुड्यांना याची जास्त भीती वाटली. पण ही भीती निराळी होती. हिच्यात डोकं चालत होतं. एकदा त्यांनी गुलाम-दश्शीवर ब्लाइंड राखली आणि बारा चिंचोके मिळवले. एकदा राखली आणि आठ घालवले. तक्ता रंभाबाईंच्या हातातच राहिला होता.

चारच्या सुमाराला मोठी ब्लाइंड पुन्हा त्यांच्याकडे आली. पत्ते राजा-राणी, दोन्ही बदाम. सबंध दुपारभरातले सगळ्यात देखणे पत्ते. आप्पांनी आपले पत्ते पाहिले आणि ते अगदी हळू, दुधाचं भांडं ठेवावं तसे खाली ठेवले.

"पाच," ते हलक्या आवाजात म्हणाले.

हलकुडे विचार करू लागले. बोली छोटी होती. आपले पत्ते मोठे होते. कुणीही राखली असती. पण तासाभराच्या सवयीनं त्यांचं लक्ष आप्पांकडेच होतं. एवढा वेळ टेबलाखाली आप्पांचा डावा पाय सारखा हलत होता. तो आत्ता थांबला होता. आणि हा माणूस हळू बोलला होता!

"सोडली," हलकुडे म्हणाले आणि राजा-राणी उपडे टाकले.

"आरं तिच्यायला!" आप्पांनी आपले पत्ते आपटले. दोन एक्के. "दोन एक्कं घिऊन बसलोय आन् पावणं दोनच चिंचोकं सोडून मोकळं! कळलं कसं तुमास्नी?"

हलकुडे आपले उरलेले चिंचोके रचत राहिले. गुरुसिद्धप्पा त्यांच्या पाठीवर थाप मारायला पुढं झाले, पण निरीक्षकाला ते शोभलं नसतं म्हणून मागं सरले.

आप्पा पत्ते गोळा करत म्हणाले, "बरं, ऱ्हायलं. मंग मांडवाचं काय ते आत्ता बोलून घिऊ. मे म्हैन्याची बारा तारीख, आमच्या दारात…"

"नाही," हलकुडे म्हणाले.

खोलीत सगळ्यांनी मान वर केली. हलकुड्यांनीही केली, कारण हे आपणच बोललो याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"लग्न सोलापुरात होईल. सिद्धेश्वरीची आजी मैंदर्गीला असते. सत्याऐंशी वर्षांची आहे. तिला तुमच्यापर्यंत येता येणार नाही. आणि तिच्याशिवाय हे लग्न होणार नाही. त्या दिवशी फोनवर मी 'बघू की' म्हणालो, ती माझी चूक झाली. नाहीच म्हणायला हवं होतं."

आप्पांनी पत्ते खाली ठेवले. या माणसाचा पाय थांबलाय की हलतोय, ते वाकून बघावं असं हलकुड्यांच्या मनात आलं.

"म्हातारीचं आदी न्हाय का सांगायचं, राव?" आप्पा शेवटी म्हणाले. "म्या काय राक्षस हाय का? सोलापूर तर सोलापूर." त्यांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि हलकुड्यांच्या डोळ्यांत बघितलं. "पर मानसं दोन हजारच यील. एक बी कमी न्हाय."

दोन हजार माणसं. बारा मे. सोलापूर. हलकुड्यांच्या नळाला पाणी चार दिवसांनी यायचं आणि तेही पहाटे. दोन हजार माणसं पाणी पिणार, हात धुणार, आणि ती सगळी आता त्यांनी स्वतःच्या तोंडानं आपल्या दारात बोलावून घेतली होती. दाक्षायणी उंबऱ्यावरून बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या.

"पाचशे," हलकुडे म्हणाले.

"पंधराशे!"

"सहाशे," हलकुडे म्हणाले, आणि पुढं सरकून बसले.